बजेट क्लासचा चौदावा नियम

पैज लागली ती पार्किंगमध्ये, मास्टरच्या स्कूटरवरून.

मास्टर म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचा टेलर. रविवारी सकाळी तो स्कूटरशी झटापट करत होता. चालू व्हायची, गेटपर्यंत जायची आणि मान टाकायची. मग तर चालूही होईना. दहा किका, वीस किका. शर्ट पाठीला चिकटला. मी बाल्कनीत चहाचा कप घेऊन मोजत उभा होतो. पंचविसाव्या किकेला मला राहवेना.

"मास्टर," मी ओरडलो, "पेट्रोलचा कॉक उघड की लेका!"

कॉक आदल्या संध्याकाळी मीच बंद केला होता, ती गोष्ट वेगळी.

मास्टरने वर बघितलं. "तू नको शिकवू मला! जन्मभर बायकोच्या मागे पिशवी धरून बसतोस आणि गाड्यांवर बोलतोस?"

पार्किंगमध्ये जेवढे होते तेवढे सगळे हसले. आणि खरं होतं म्हणूनच मला झोंबलं. माझं कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे मी चालत जातो. गाडी चालवायला शिकलोय मी, पण बाकी कुठे जायचं तर बायकोच्या मोटरसायकलवर, मागे बसून. बायको एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करते. ती गाडी तिने भंगारातून आणली, आणि चार वर्षं दर रविवारी एकेक भाग बसवत उभी केली. पिस्टनसुद्धा तिने स्वतः, शिफ्ट संपल्यावर, लेथवर काढलाय. रोज त्याच गाडीवर कामाला जाते. मला त्या गाडीला हात लावायचा तर आधी धुवावा लागतो.

"मनात आणलं ना, तर रेस मारून दाखवीन," मी म्हणालो. माझं तोंड पुढे पळतं आणि डोकं मागून चालत येतं.

"रेस! तू! अरे, शेवटचा नंबरसुद्धा येणार नाही तुझा."

दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई, दातांच्या, भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "असते की हौशी लोकांची रेस. शहराबाहेरच्या ट्रॅकवर, दर महिन्याला. माझे निम्मे पेशंट तिथूनच येतात."

झालं. तासाभरात मी दुकानात जाऊन करार टाईप केला. मी रेस पूर्ण करायची, आणि आयोजक जो छापील निकाल बोर्डावर लावतात त्यात माझं नाव पाहिजे. शेवटून पहिलं असलं तरी चालेल. नसलं, तर मी हरलो. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला बंद स्कूटरवर बसवून बिल्डिंगभोवती तीन फेऱ्या ढकलायचं, आणि ढकलताना तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा. घराघरात एक अशा सोळा प्रती काढल्या, एक लिफ्टच्या दारावर चिकटवली. मास्टरने ऐटीत सही ठोकली.

करार पाठपोट होता. मागच्या बाजूला मी चार ओळी छापल्या होत्या. मास्टरने कागद उलटून पाहिला नाही. कोणीच पाहत नाही. वीस वर्षं दुकान चालवून मी एवढंच शिकलोय: माणूस सहीच्या जागेपर्यंत वाचतो, त्यापुढे नाही.

आता नियमांचं पुस्तक. ते अडतीस पानांचं. दुकानातल्या मशीनला पाठपोट छापताना कागद गिळायची खोड आहे, म्हणून मी आधी एक, तीन, पाच अशी पानं काढतो आणि मग गठ्ठा उलटा घालून दोन, चार, सहा. पहिला गठ्ठा निघाला आणि एक मुलगी तीनशे पानांचा प्रबंध घेऊन आली, अर्ध्या तासात पाहिजे म्हणून रडकुंडीला आलेली. तिचं उरकता उरकता दुकान बंद करायची वेळ झाली. मी नियमांचा गठ्ठा बगलेत मारून घरी आलो.

वाचायला बसलो. पान अर्ध्या वाक्यात संपायचं आणि पुढचं पान भलत्याच वाक्यापासून सुरू व्हायचं. मला वाटलं, नियमांची भाषा अशीच असते.

रेस म्हणजे रेस, अशी माझी समजूत होती. गाड्या उभ्या करायच्या, झेंडा हलला की पिळायच्या. पण नाही. आधी क्लास निवडा. स्टॉक क्लास घ्यावा, तर गाडी कंपनीतून आली तशी पाहिजे, वॉशरसुद्धा बदललेला चालत नाही. आमच्या गाडीत कंपनीचं म्हणावं असं टाकीवरचं नाव तेवढं उरलं होतं. सुपर क्लासमध्ये काहीही बदला म्हणे, पण टायर त्यांनी सांगितलेलेच घ्या. त्या दोन टायरांत माझ्या दुकानाचं सहा महिन्यांचं भाडं निघालं असतं, आणि ते एका रविवारात झिजतात. जुन्या गाड्यांचाही क्लास होता. त्याला गाडी पंचवीस वर्षांची लागते, आमची एकोणीस. सहा वर्षं थांबायची माझी तयारी होती, मास्टरची नव्हती.

राहिला बजेट क्लास. फी सगळ्यात कमी, बदल हवे तेवढे, टायर कुठलेही. मी ओळीवर बोट ठेवून वाचत होतो, 'या वर्गात खर्चाला आळा बसावा म्हणून' आणि तिथे पान संपलं. पुढचं पान हेल्मेटपासून सुरू. आळा कसा घालतात ते शोधत बसायची मला गरज वाटली नाही. आळा घालणारी व्यक्ती आमच्या घरातच आहे.

तिच्याकडे गेलो. ती स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर साफ करत होती.

"अहो, ती गाडी आहे, झेरॉक्स नाही," ती म्हणाली. "फाटली तर दुसरी काढता येणार नाही."

"फाटणार नाही. मी हळू चालवीन."

"रेसमध्ये?"

"त्यांची रेस, माझं हळू."

ती हसली नाही, पण तिचा स्क्रू ड्रायव्हर थांबला. मी ओळखलं. कोणीतरी तिचं इंजिन एकदा पूर्ण पिळून बघावं, हे तिच्याही मनात होतं. शहरातल्या सिग्नलांमध्ये ते कधी जमलं नव्हतं. फॉर्मवर मालकाच्या सहीची जागा होती. पेन उघडून तिने विचारलं, "नियम सगळे वाचलेत ना?"

"पाठ आहेत," मी म्हणालो.

तिने सही केली. "ओरखडा आला तर चालेल. पण नेली तशी परत यायला पाहिजे."

इथून माझ्या छळाला सुरुवात झाली.

हेल्मेट पाच वर्षांच्या आतलं पाहिजे. माझं सात वर्षांचं, कधी पडलेलं नाही, नवं कोरं. चालणार नाही. नवीन घ्या. बरं, घेतलं. तर त्याच्यावर एक विशिष्ट स्टिकर पाहिजे. माझ्या हेल्मेटवर स्टिकर होता, तो दुसराच. दुकानदार म्हणे, बदलून देतो, वरचा फरक भरा. बूट घोट्याच्या वर. हातमोजे मनगटाच्या पुढे. पाठीला एक कासवासारखी ढाल, तिचंही भाडं. गाडीखाली ताडपत्री पाहिजे आणि शेजारी आग विझवायचा सिलिंडर पाहिजे. वेळ मोजायचा डबा तेच भाड्याने देतात, आणि हरवला तर त्याची किंमत ऐकून मी तो आदल्या रात्री उशाशी घेऊन झोपलो. एका दिवसाचं लायसन्स. लायसन्ससाठी डॉक्टरचं पत्र. डॉक्टरला रक्तगट पाहिजे. मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो, शेजारधर्म म्हणून.

"दात फिट आहेत एवढं लिहून देते," त्या म्हणाल्या. "तेही आज. परत आल्यावर परत तपासू."

मग रक्तगट काढला, सुई टोचून घेतली, दुसऱ्या डॉक्टरसमोर दहा उठाबशा काढल्या. एवढं करून वय विचारलं, सत्तेचाळीस सांगितलं, तर म्हणे पंचेचाळीसच्या वर कार्डिओग्राम लागतो. मी म्हटलं, आता काढू नका, आता माझं हृदय रागाने उडतंय. त्याने काढलाच.

नियमाच्या प्रत्येक ओळीला एक खिडकी होती, प्रत्येक खिडकीत एक माणूस आणि प्रत्येक माणसाच्या हातात पावतीपुस्तक. हौशी रेस म्हणे! हौस त्यांची, खिसा माझा.

बायको मात्र रंगात आली. इंजिनाचं तेल सांडू नये म्हणून बोल्टला भोक पाडून तार ओवायची असते, पीळ घालून, म्हणजे बोल्ट सैल होत नाही. तिने वर्कशॉपमध्ये बारीक ड्रिलने भोकं पाडली आणि अशा सुबक तारा पिळल्या, की मी म्हटलं, "अगं, कानात घालशील का?"

"तुमच्या तोंडाला एक घालते," ती म्हणाली.

शेवटचं राहिलं लेदर. अख्खा सूट परवडणारा नव्हता. एकाकडून जुनं जॅकेट मिळालं, दुसऱ्याकडून पँट. नियम असा, की दोन तुकडे असतील तर कमरेभोवती पूर्ण गोल झिप पाहिजे. आता लेदरला झिप लावणारा आमच्या भागात एकच माणूस.

मास्टरने मशीनवरून मान वर केली नाही. "मी का शिवू? तू अडकलास तर माझाच फायदा."

"नको शिवू. तिथे तपासनीस विचारतील, ही अर्धवट शिलाई कोणाची? मी नाव सांगेन, पत्ता सांगेन, दुकानाची वेळ सांगेन."

त्याने माझ्या हातातून दोन्ही कपडे हिसकावून घेतले. पैसे दुप्पट लावले.

रेसच्या दिवशी सकाळी आम्ही तिघे ट्रॅकवर. मी, बायको, आणि मला हरताना बघायला स्टूल आणि छत्री घेऊन आलेला मास्टर. सगळीकडे गाड्या, पत्र्याच्या शेड, पेट्रोलचा वास. तपासणीला एक बाई होत्या, हातात टॉर्च, गळ्यात मोजपट्टी. मी मनातल्या मनात त्यांना टॉर्चबाई म्हणायला लागलो. त्यांनी आरसे काढायला लावले, स्टँड काढायला लावलं, मी दुकानात छापून लॅमिनेट करून आणलेला एकसष्ट नंबर अर्धा इंच लहान निघाला म्हणून फाडला. बायकोच्या तारांपाशी आल्या आणि टॉर्च तिथेच थांबला.

"ह्या कोणी घातल्या?"

"मी," बायको म्हणाली.

टॉर्चबाईंनी तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फॉर्मवर त्या रकान्यात दोनदा टिक केली.

मग माझी पाळी. वळायला सांगितलं. वळलो. पाठीमागे झिप चार बोटं कमी पडली होती. मापं दिली तेव्हा मी पोट आत ओढून उभा होतो, त्याचा हा परिणाम.

"पूर्ण गोल पाहिजे," त्या म्हणाल्या. "हे नापास."

मी मास्टरकडे बघितलं. त्याने फक्त स्टुलावर बसून राहायचं होतं. पैज तिथेच संपली असती. पण त्याचा चेहरा लाल झाला.

"नापास? माझी शिलाई?" तो उठला. पिशवीतून आरी काढली, मेणाचा दोरा काढला. "माप ह्याने खोटं दिलंय, बाई. शिलाईत खोट नाही. पाच मिनिटं द्या. ए, सरळ उभा राहा, श्वास सोड. खरा श्वास सोड!"

आणि त्याने मला त्या सुटात शिवून टाकलं. उभ्या उभ्या, अंगावरच. टॉर्चबाईंनी ओढून बघितलं आणि शिक्का मारला. मास्टर घाम पुसत म्हणाला, "हरायचंय तर स्वतःच्या जिवावर हर. माझ्या दोऱ्यावर ढकलायचं नाही." आणि मग हळूच, "आता दोन तास पाणी पिऊ नकोस."

रेस आठ फेऱ्यांची. सतरा गाड्या. रेसबद्दल मी फार सांगत नाही, कारण मी बहुतेक डोळे मिटून होतो. एवढं कळलं, की सरळ रस्त्यावर आमची गाडी सुटली की आजूबाजूचे मागे जायचे, आणि वळण आलं की तेच सगळे मला वळसा घालून पुढे जायचे, आजीला रस्ता ओलांडायला मदत करावी तसे. पिवळ्या हेल्मेटचा एक सत्तावीस नंबर होता. त्याला मी सरळ रस्त्यावर सहा वेळा मागे टाकलं आणि त्याने मला वळणावर सहा वेळा. तिघे पडले, कोणाला लागलं नाही. मी पडलो नाही. पडायला वेग लागतो.

चौकटीचा झेंडा. चौदांत अकरावा.

अर्ध्या तासाने ऑफिसच्या बाहेर बोर्डावर कागद लागला. मी जवळ गेलो. अकरा नंबरला माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. हसू नका, पण मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. वीस वर्षांत लाखो लोकांची नावं छापली मी. लग्नाच्या पत्रिका, पदव्या, नेमणुकीची पत्रं. माझं नाव दुसऱ्या कोणी तरी छापलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मास्टर!" मी ओरडलो. "स्कूटरचं वजन किती रे? ढकलता येईल ना तुला?"

मास्टर छत्री मिटत होता. तोंड असं झालं होतं, जणू गिऱ्हाइकाच्या कापडाला भलतीकडेच कात्री लागलीय.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. "बजेट क्लास, गाडी नंबर एकसष्ट, ऑफिसात या."

मला वाटलं बक्षीस. सर्वात सावध चालक वगैरे असेल.

ऑफिसात टॉर्चबाई टेबलामागे, आणि समोर तो सत्तावीस नंबर, पिवळं हेल्मेट मांडीवर घेऊन. धंद्याने प्लंबर, नंतर कळलं. साधा माणूस, हाताला कायम गंज लागलेला.

"तुमच्या गाडीवर मागणी आलीय," टॉर्चबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"नियम चौदा. बजेट क्लासमधली कुठलीही गाडी, रेस पूर्ण केलेला दुसरा कुठलाही स्पर्धक ठरलेल्या किमतीला घेऊ शकतो. अर्ध्या तासात अर्ज दिला पाहिजे. यांनी दिलाय."

"ठरलेली किंमत?"

त्यांनी आकडा दाखवला. एक बरा फ्रिज येईल, एवढा.

"हा कसला नियम?" माझा आवाज चढला. "मी माझी गाडी का विकू?"

"म्हणून तर हा बजेट क्लास आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी बहुतेक दर महिन्याला म्हटलं असणार. "कोणी लाखो ओतून इंजिन बांधलं, तर ते फ्रिजच्या किमतीत जाईल, ही भीती असली की कोणी ओतत नाही. नाहीतर इथे श्रीमंतच जिंकतील."

"आमची गाडी अकरावी आलीय!"

"गाडी अकरावी आली नाही, दादा," प्लंबर म्हणाला. "तुम्ही अकरावे आलात."

मी सगळे डाव टाकून बघितले. म्हटलं, इंजिन तेल पितं. तो म्हणाला, मी सहा फेऱ्या तुमच्या मागे होतो, धूर नव्हता. म्हटलं, क्रँकला तडा आहे. तो म्हणाला, मग घरी जाऊन बघतो. जन्मभर झेरॉक्स फुकट देतो म्हटलं, तर म्हणाला, प्लंबरला किती झेरॉक्स लागतात? वर म्हणे, "माझी गाडी दोनदा गेलीय अशी. मी दोन्ही वेळा दिली. नियम आहे, दादा."

"हा नियम मला कोणी दाखवला नाही!"

टॉर्चबाईंनी पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. नियम चौदा. पान बारा. डावीकडचं पान. खाली माझ्या फॉर्मवर, 'सर्व नियम वाचले व मान्य', आणि त्याखाली माझी झोकदार सही. तिच्या शेजारी बायकोची.

बारा. सम आकडा. माझ्या दुकानात, माझ्याच मशीनच्या पोटात राहिलेला गठ्ठा.

काय चिडलो म्हणून सांगू. कोणावर, तेच कळेना. टॉर्चबाईंवर चिडावं तर त्या बरोबर. प्लंबरवर चिडावं तर तोही बरोबर. त्या प्रबंधवाल्या मुलीवरसुद्धा चिडून बघितलं, जमलं नाही. लिफ्टच्या दाराला पाठपोट करार चिकटवणारा मीच, आणि पाठीमागच्या पानात पाय अडकून पडणाराही मीच.

"आणि नाही म्हटलं तर?"

"निकालातून नाव काढतो. वर्षभर प्रवेश बंद. फी परत नाही. पंधरा मिनिटं आहेत."

बाहेर आलो. बायको चिंधीने टाकी पुसत होती. गाडीशी बोलताना तिचा जो चेहरा असतो तो होता. मी सांगायला लागलो, दोनदा अडखळलो, मग सरळ सांगून टाकलं. सम पानांसकट.

तिने चिंधीची घडी घातली. "तुम्ही म्हणालात पाठ आहेत."

"अर्धे होते."

"माझे दोनशे रविवार," ती म्हणाली, "आणि एक फ्रिज. फ्रिज आहे आपल्याकडे."

ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठून प्लंबरकडे गेली. तो बिचारा लांब उभा होता.

"पिस्टन कुठला वाटला?" तिने विचारलं.

"बाहेरचा. मागवलेला असणार. वरच्या आरपीएमला एवढा गुळगुळीत ओढतो तो इथला नसतो."

"लेथवर काढलाय. मी."

प्लंबर तिच्याकडे बघतच राहिला. मग दोघांचं सुरू झालं, रिंगांचा गॅप, कॉम्प्रेशन, असलं काहीतरी, आणि मी मध्ये लेदरमध्ये शिवलेला उभा. बोलता बोलता तिच्या गालावर रंग चढला होता. मग ती माझ्याकडे वळली आणि तो उतरला.

"सही तुमची पहिली आहे. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

मी बोर्डाकडे बघितलं. अकरावा नंबर इथूनही वाचता येत होता. शेजारी मास्टर येऊन उभा राहिला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"काय रे," तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनींची गाडी देणार नाहीस ना?"

"तुला काय त्याचं?"

"नाही, म्हणजे असं जिंकून जिंकल्यासारखं वाटणार नाही मला."

"वाटून घे लेका," मी म्हणालो. "रविवारी नऊ वाजता. वेळेवर ये."

आत जाऊन टॉर्चबाईंना म्हटलं, "गाडी देत नाही." त्या पट्टी आणि पेन घेऊन माझ्याबरोबर बोर्डापर्यंत आल्या. मी म्हटलं, "रेघ सरळ मारा." त्यांनी मारली, आणि बाराव्याला अकरा केलं. प्लंबरने खांदे उडवले. जाताना त्याने बायकोला विचारलं, असा पिस्टन करून द्याल का? ती म्हणाली, देईन, पण माझ्या किमतीला, दोन फ्रिज.

घरी येताना मी मागे बसलो होतो, पिशवी धरून. अर्ध्या रस्त्यात ती एका सिग्नलला म्हणाली, "सरळ रस्त्यावर कितीच्या स्पीडला गेली?"

"सूट एवढा आवळलेला होता, खाली वाकून काटा बघता आला नाही."

तिने गिअर टाकला. "एकाही कामाचे नाहीत तुम्ही," असं म्हणाली, पण ते नेहमीच्या आवाजात.

रविवारी नऊला अख्खी बिल्डिंग खाली. डॉक्टरीणबाई खुर्ची घेऊन आल्या होत्या. सोळाच्या सोळा घरांतून लोक हातात करार घेऊन उभे, वचन देताना साक्षीला उभे राहावं तसे. मास्टर कडक इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवर बसला, राजासारखा. मला लेदर घालायला लावलं, ती त्याची खास मागणी. मी मागून सीट धरली, छाती भरून घेतली.

"थांब," मी म्हणालो. "मास्टर, करार उलटा कर."

"काय?"

"उलटा कर. मागे वाच."

सोळा कागद एकदम उलटे झाले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "'जिंकणाऱ्याने तिन्ही फेऱ्या दोन्ही पाय वर धरून बसावे, आणि माणूस दिसेल तिथे, बाजूला व्हा, ब्रेक नाहीत, असे ओरडावे. न ओरडल्यास पैज रद्द.'"

मास्टरने कागद बघितला, पुढच्या बाजूची स्वतःची ऐटदार सही बघितली, मग माझ्याकडे. त्या चेहऱ्यामागे काय चाललंय ते मला नेमकं माहीत होतं.

"ढकल!" तो ओरडला आणि पाय वर घेतले.

"भुर्रर्र!" मी सुरू झालो. पहिल्या फेरीला हसू फार, दम कमी. दुसऱ्या फेरीला दोन्ही संपले. स्कूटर ढकलताना कळलं, ती मास्टरसारखीच आहे, दिसते त्याहून जड. खिडक्यांतून डोकी निघाली, समोरच्या बिल्डिंगचे लोक गेटवर आले. मास्टर प्रत्येकाला बघून लाजून लाजून ओरडत होता, "बाजूला व्हा, ब्रेक नाहीत!" आणि मी मागून भुर्र, भुर्र, तोंडाला फेस येईपर्यंत.

तिसऱ्या फेरीला, कोपऱ्यावरच्या चढाला, मागून खरी मोटरसायकल आली. बायको. दूध आणायला गेली होती. ती माझ्या शेजारून, माझ्याच वेगाने, पाय जमिनीला जवळजवळ टेकवत चालवायला लागली. मान तिरकी करून तिने थोडा वेळ ऐकलं.

"अहो, टॅपेट वाजतंय तुमचं," ती म्हणाली. "आणि चढाला तिसऱ्यात काय नेताय? दुसरा टाका."

मी तोंडाने क्लच दाबला, 'खट्ट' केलं आणि दुसरा टाकला.

"बाजूला व्हा," मास्टर ओरडला, "ब्रेक नाहीत!"